पहिला वर, बाकीचे खाली

६ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझी मोटारसायकल सुखरूप पोचली. ट्रकवाल्याने ती जुन्या गाद्यांत गुंडाळून आणली होती, त्यामुळे बाबांना वाटलं कपाट आलं. मग चाकं दिसली. “हिने ही अजून ठेवली होती?” एवढंच बोलले आणि आत निघून गेले. मी म्हटलं, आत्याने मला कामावर जायला दिली आहे. चष्म्याच्या दुकानापर्यंत जायला असली गाडी म्हणजे जरा अतीच, पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसलेले सगळे शिकाऊ कान टवकारतात, म्हणून हे पत्र.

तुझ्या त्या उलट्या गिअरने माझी वाट लावली! सगळ्या जगाचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. तुझा पहिला वर आणि बाकीचे खाली. पहिले काही दिवस मी प्रत्येक चौकात बंद पडले. फुलवाली म्हणाली, “बाई, ढकलू का?” आता मात्र पायात बसलाय.

खरी गोष्ट पुढेच आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी धावपट्टीवर गेले. तीच, तुझी. जुना विमानतळ, गवत वाढलेलं, पण मधली पट्टी झाडून लख्ख. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. तिथल्या जोडीजोडीच्या शर्यतींत मी पळाले आणि दर वेळी हरले. एकदा हिरवा दिवा लागेपर्यंत शहाण्यासारखी थांबले, तोवर शेजारचा निम्म्यावर. एकदा पुढचं चाक इतकं उचललं की मला आकाशच दिसलं. आणि एकदा चांगली सुटले होते, पण शेजारी इतकी बोंबलणारी गाडी होती की कोणाचं इंजिन किंचाळतंय तेच कळेना. मी गिअर टाकला आणि माझी गाडी एकदम मरगळली.

बायपासवर मात्र मला कोणी गाठू शकत नाही, विचार कोणालाही. तिथे एक बेकरीवाला आहे, पहाटे दुकानांत पाव पोचवतो. अंगाने दांडगा, आणि त्याची गाडी त्याच्याहून मोठ्या आवाजाची. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “धावपट्टीवर हरलीस म्हणे. ये की एकदा बायपासवर.”

तू मला शिकव. सगळं शिकव.

तुझी भिंगरी

११ जानेवारी

भिंगरीबाई,

तुझं पत्र शिवणयंत्राच्या तेलाने माखलेल्या हातांनी फोडलं आणि त्याच हातांनी हे लिहितेय, तेव्हा डागांकडे बघू नकोस. हल्ली माझ्याकडे दुरुस्तीला इतकी यंत्रं येतात की जेवायचं टेबलही त्यांनीच बळकावलंय.

आकाश दिसलं म्हणतेस. छान. आकाश बघायचं तर गच्चीवर जा. गाडीवर छाती टाकीला चिकटवायची आणि नजर पट्टीच्या टोकावर. सुटताना थ्रॉटल एका जागी धरून ठेवायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. तू फटकन सोडत असणार, लहानपणी दार सोडायचीस तसा. सगळी शर्यत पहिल्या दोन गाड्यांच्या लांबीत असते. पुढचं सगळं इंजिन करतं. तेव्हा एखाद्या रिकाम्या मैदानात जा आणि फक्त तेवढंच कर. सूट, थांब, मागे ये, पुन्हा सूट. कंटाळा आला की समज आता कुठे सुरुवात झाली.

दिव्यांचं सांगते. एकेक पिवळा पेटत हिरव्यापर्यंत जातो ते बघत बसायचं नाही. हिरव्याची वाट बघणारा घरी चहा प्यायला लवकर पोचतो. शेवटचा पिवळा पेटला की निघायचं. तू हलेपर्यंत हिरवा होतोच.

आता आवाजाचं. गिअर कानाने बदलायचा नाही. शेजारचं इंजिन तुझ्या कानात बसतं आणि तू त्याच्या गाडीचा गिअर आपल्या गाडीवर टाकतेस. नेमकं तेच झालंय तुझं. माझे कान जायला लागले तेव्हा मी रडले होते, पण त्यानंतरच मी जिंकायला लागले. गुडघे टाकीला घट्ट धर. आधी गुडघ्यांत बारीक मुंग्या येतात, मग त्या अचानक थांबतात आणि सगळं गुळगुळीत होतं. त्या क्षणी पाय खाली दाब. कानात कापूस घालून सराव कर. आणि तो गिअर मी हौसेने उलटा केलेला नाही. सुटताना अंग मागे जातं, तेव्हा पाय वर उचलण्यापेक्षा खाली दाबणं सोपं पडतं.

बायपासचं मात्र नाव काढायचं नाही. तिथे वाळू असते, कुत्रं असतं, लाइट न लावता वळणारा ट्रॅक्टर असतो. बेकरीवाल्याला म्हणावं, धावपट्टीवर भेट.

आणखी एक. दादाला यातलं काही कळता कामा नये. मी शर्यतीत उतरले तेव्हा तुझा बाप माझ्याशी बोलायचा बंद झाला. सगळं गाव आलं, तो एकदाही आला नाही. किती वर्षं गेली त्यात. आता कुठे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचं कार्ड येतं. ‘इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे. तब्येत सांभाळ.’ बस्स, एवढंच. पण मी ती कार्डं आरशाच्या कडेला खोचून ठेवते. मला ते कार्ड हवंय, पोरी. ते बंद पाडू नकोस.

तुझी ठार बहिरी आत्या

२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. दुकानात सध्या फार काम आहे. दोन शाळांची डोळेतपासणी झाली, सगळ्या पोरांची भिंगं मीच घासतेय.

सराव जोरात चालू आहे. साखर गोदामामागे मोठं मैदान आहे, तिथे फक्त सुटते आणि थांबते. रखवालदार पहिल्या दिवशी काठी घेऊन आला होता, आता खुर्ची घेऊन येतो. कानात कापूस घालून चालवते. पहिल्यांदा भीती वाटली, पण मग गुडघ्यांचं तू म्हणतेस ते खरंच कळायला लागलं. मुंग्या जरा जास्तच येतात, अगदी मांडीपर्यंत, पण थांबतात तेही कळतं.

एक अडचण आहे. दुसरा गिअर टाकताना लिव्हर वर उचलायला जाते तेव्हा बुटाचं टोक अडकतं. तू कसले बूट घालायचीस?

बाबा बरे आहेत. परवा एका शिकाऊ बाईंनी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. बाबांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून खुर्चीतलं गिऱ्हाईक वाचलं. घरी येऊन दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले, “माणसाला शिकवता येतं, पायाला शिकवायला जन्म जातो.”

गाडी झकास आहे.

तुझी भिंगरी

(तार)

२६ फेब्रुवारी

गाडीचा गिअर उलटा आहे. जो कोणी ती चालवत असेल त्याला आजच सांग. थांबू नकोस. आत्या

२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तार पाठवून आले आणि आता हे लिहायला बसले आहे.

माझ्या गाडीवर दुसरा गिअर वर नाही. माझ्या गाडीवर पहिला सोडून काहीच वर नाही. आणि माझ्या गाडीने कधी मांडीपर्यंत मुंग्या आणल्या नाहीत. तू दुसऱ्याच गाडीवर सराव करते आहेस आणि ते मला कळू नये म्हणून शाळेतल्या पोरांच्या भिंगांच्या गोष्टी सांगते आहेस. म्हणजे माझी गाडी गेली. कुठे गेली तेही ओळखलं. किल्ली लावली होतीस ना पणाला? बेकरीवाल्याकडे आहे ना?

जाऊ दे गाडी. लोखंड आहे. मी त्यावर एक अश्रू ढाळणार नाही. म्हणजे ढाळेन, पण तुला सांगणार नाही.

मला एकच सांग. किल्ली देताना त्याला सांगितलंस का? तू म्हणशील, त्याला चौकातच कळलं असेल. असेल. पण माणसाला कळणं वेगळं आणि पायाला कळणं वेगळं. पाव पोचवताना त्याचा पाय विचार करून चालेल. शर्यतीत विचार करायला वेळ नसतो. तिथे पाय जुन्या सवयीने वर जाणार, पुढचा गिअर पडायच्या ऐवजी मागचा पडणार, मागचं चाक जागीच धरणार. उलटा केल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं तसं झालं होतं. माझ्या कमरेवरचा डाग तू पाहिलायस. मी धावपट्टीवर होते, बाजूला गवत होतं, म्हणून आज शिवणयंत्रं दुरुस्त करतेय. बायपासच्या बाजूला काय आहे ते तुला माहीत आहे. दगड आहेत.

त्याच्याकडे दहा नंबरचा पाना घेऊन जा. गिअरच्या पट्टीच्या टोकाला छोटा दांडा आहे. त्याचा बोल्ट सोडव, दांडा खालचा वर करून बसव, बोल्ट आवळ. गिअर सरळ होतो. तो हसला तर हसू दे.

तार दादाच उघडेल, हे मला माहीत होतं. शेजारच्या शिक्षिकेने विचारलंही, पत्र नाही का चालणार? पत्र तुझ्या हातात पडलं असतं, दादाला काही कळलं नसतं, पण चार दिवस गेले असते. चार दिवसांत तो किती वेळा बायपासवर जाईल? म्हणून हे पत्रही पहिल्यांदाच जादा पैसे भरून तातडीने पाठवतेय, पण त्यावरही माझा भरवसा नाही. मार्चचं कार्ड येणार नाही हे धरून चालले आहे. चालेल.

काय झालं ते लगेच कळव. काहीही झालं असलं तरी कळव.

आत्या

२८ फेब्रुवारी

आत्या,

आधी हे वाच: कोणाला काही झालेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. आता पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तार दुपारी आली. बाबा दोन शिकवण्यांच्या मध्ये जेवत होते. मी दुकानातून डबा घ्यायला घरी आले होते. त्यांनी तार वाचली, पुन्हा वाचली, हात धुतले आणि विचारलं, “कोण चालवतंय?” मी तर खोटं रचून ठेवलं होतं, गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून. तेच त्यांना महिनाभर सांगत होते. पण तारेतले शब्द बघून तोंडातून खोटं निघेना. सगळं सांगून टाकलं. बायपास, किल्ली, बेकरीवाला. तुझ्या पत्रानंतरच्याच आठवड्यात मी गेले होते, आत्या. तू नको म्हटलंस म्हणूनच गेले की काय, कोण जाणे. त्याच्या गाडीचा आवाज कानात शिरला, त्याच आवाजावर मी गिअर टाकला आणि हरले. सराव करत होते ती गाडी दुकानाच्या मालकांची आहे, म्हातारी आणि खुळखुळी.

बाबांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “त्याला सांगितलंस?” मी म्हटलं, नाही. किल्ली देताना मनात आलं होतं, बंद पड चौकात, हसू देत लोक. एवढंच आलं होतं. पडेल, मरेल असं काही मनात नव्हतं, तुझी शपथ. बाबा म्हणाले, “चल.”

शिकवणीची गाडी काढली. टपावर लाल पाटी, ‘शिकाऊ’. बाबा म्हणाले, “तू चालव. माझे हात आज बरे नाहीत.” आणि शेजारी बसले. मी नेहमीसारखी निघाले, त्यांनी शिकवलेल्या चालीने, आरसा, इंडिकेटर, सगळे सोपस्कार करत. दुसऱ्या वळणावर ते म्हणाले, “जोरात चालव.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाने उभ्या जन्मात एकाही शिकाऊला तिसऱ्याच्या वर जाऊ दिलं नाही, तो माणूस! आणि मग त्यांनी काय केलं सांगू? बूट काढले, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि चक्क मांडी घालून बसले. म्हणाले, “सवयीने ब्रेक दाबला जाईल माझ्याकडून. तू चालव.”

बेकरीत तो नव्हता. भट्टीवरच्या माणसाने सांगितलं, बायपासला गेलाय, ट्रॅक्टर शोरूमच्या मुलाशी लागलीय आज. पुढचा रस्ता मी कसा कापला ते माझं मलाच आठवत नाही. एवढं आठवतं की बाबा सबंध वेळ डॅशबोर्डला हात टेकून “आहे, वेळ आहे, आहे” असं पुटपुटत होते.

लांबून गर्दी दिसली. मग दिसलं, गर्दी उभी होती, वाकलेली नव्हती. दोन्ही गाड्या रेषेवर होत्या, तुझ्या गाडीवर तो दांडगा. सुटायची खूण करणाऱ्या रुमालवाल्याचा हात वर गेलेला. बाबा म्हणाले, “आडवी घाल.” मी आडवी घातली. दोघांच्या पुढ्यात, ‘शिकाऊ’ची पाटी त्यांच्या नाकासमोर.

पब्लिक हसून हसून लोळायचं बाकी होतं. बेकरीवाला म्हणाला, “काका, शिकवणी दुसरीकडे घ्या की.”

बाबा बिनाबुटाचे उतरले. “या गाडीचा गिअर उलटा आहे.”

“माहीत आहे हो. पहिल्याच दिवशी कळलं. रोज पाव पोचवतो मी हिच्यावरून.”

“तुम्हाला माहीत आहे. पायाला माहीत आहे का?”

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, आत्या. तुझ्या पत्रात जवळजवळ हेच शब्द होते.

बेकरीवाल्याला काही बोध होईना. बाबांनी त्याला गाडी स्टँडवर घ्यायला लावली, इंजिन बंद करायला लावलं, डोळे मिटायला लावले. म्हणाले, “मी सांगेन तो गिअर टाका.” दुसरा म्हटलं, त्याने खाली दाबला. तिसरा म्हटलं, खाली दाबला. “बघा,” तो म्हणाला, “झालं समाधान?” बाबा म्हणाले, “झालं. बरं, तुमच्याकडे लांब पाव कधी मिळतो हो? सकाळी गेलं की संपलेला असतो.” तो डोळे मिटूनच सांगायला लागला, की काका, तुम्ही आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी बाजूला... आणि बाबांनी बॉनेटवर धाडकन हात आपटला आणि ओरडले, “चौथा!”

पाय वर गेला.

बाबांनी पुन्हा केलं. पुन्हा काहीतरी भट्टीचं विचारलं, पुन्हा मध्येच ओरडले. पाय पुन्हा वर. बेकरीवाल्याने डोळे उघडले आणि आपल्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत राहिला. मग उतरला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण ओठ पांढरे झाले होते. ट्रॅक्टरवाल्या मुलाने गुपचूप आपली गाडी बंद केली.

मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, “मी सांगायला हवं होतं. मुद्दाम सांगितलं नाही.” तो म्हणाला, “मीही विचारलं नाही. जिंकलो होतो ना.” आणि किल्ली पुढे केली. मी हात पुढे करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “हरलीस ना? मग राहू दे त्यांच्याकडे.” मग खिशातून पाना काढला, गुडघे टेकून बसले, दांडा खालचा वर केला, बोल्ट आवळला. एवढंसं काम. हे त्यांना कुठून ठाऊक? तुझ्या गाडीकडे तर ते बघतसुद्धा नव्हते.

परत येताना गाडी त्यांनी चालवली, नेहमीच्या गोगलगाईच्या चालीने. मी वाट बघत होते ओरड्याची. ते एवढंच म्हणाले, “तार केलीन म्हणजे घाबरली असणार ती.” घराजवळ आल्यावर म्हणाले, “रस्त्यावर पुन्हा दिसलीस तर परवाना मी स्वतः जमा करेन. धावपट्टीवर जायचं तर मला सांगून जा.” मी घरात गेले आणि मोरीत नळ सोडून मनसोक्त रडले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझी, यापुढे फक्त खरं लिहिणारी,
भिंगरी

४ मार्च

माझ्या गुणाच्या आणि अवगुणाच्या पोरी,

पाणी प्यायले. मग पुढचं वाचलं. मग शेजारच्या शिक्षिकेला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. मला ऐकू येत नाही, पण तिचा चेहरा बघायचा होता. “पाय वर गेला” इथे तिने छातीवर हात ठेवला, आणि मांडी घातली तिथे आम्ही दोघी इतक्या हसलो की खालचा दुकानदार वर बघायला आला. बिनाबुटाचा दादा बायपासवर! हे बघायला मी माझे उरलेसुरले कानही दिले असते.

काय सांगू तुला. तार दिल्यापासून तुझं पत्र येईपर्यंत माझ्या हातून एक यंत्र नीट झालं नाही. एका बाईच्या यंत्राला मी दुसरीचं चाक बसवून दिलं. तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि खुर्चीत बसून राहिले. तो पाववाला जिवंत आहे, हातीपायी धड आहे, आणखी मला काही नको. गाडी त्याच्याकडेच राहू दे. दादाने बरोबर केलं.

तू मुद्दाम सांगितलं नाहीस, ते आता मनाला लावून घेत बसू नकोस. तोंडावर जाऊन कबूल केलंस, झालं. पुन्हा त्या रस्त्यावर शर्यतीला उभी राहिलीस तर मात्र मी तिथे येऊन तुझा कान उपटेन.

धावपट्टीवर जाशील तेव्हा मालकांच्या म्हातारीला आधी मागचं चाक जागच्या जागी फिरवून गरम करू दे. तिच्यात जोर नसेल, पण सुटताना जोर लागत नाही, डोकं लागतं. शेवटच्या पिवळ्यावर नीघ. कापूस विसरू नकोस.

आज महिन्याची चार तारीख. दादाचं कार्ड आलेलं नाही. मी वाट बघत नाहीये, सहज लिहिलं. त्याने जे केलं ते तुझ्यासाठी आणि त्या पोरासाठी केलं, आणि ते मला पुरतं. आरशाच्या कडेला जुनी कार्डं आहेतच.

आत्या

३० मार्च

प्रिय आत्या,

जिंकले! अगदी एका चाकाने, पण जिंकले!

आणि कोणाशी पळाले, तर तुझ्याच गाडीशी. बेकरीवालाही आला होता, पाठीला बांधलेली पावांची पिशवी आणि डोक्यावर नवं कोरं हेल्मेट. बाबांनीच त्याला आणलं. उलट्या गिअरची लागलेली सवय जावी म्हणून मधल्या महिन्यात रोज पहाटे ते त्याला चौथा, दुसरा, तिसरा म्हणून ओरडत होते. तो पाव देऊन जायचा आणि हे पाय तपासायचे.

कानात कापूस घातला आणि जग एकदम शांत झालं. शेजारी तो एवढा धडधडत होता, पण मला फक्त गुडघ्यांतलं कळत होतं. शेवटचा पिवळा लागला आणि मी निघाले. आत्या, तो अजून दिव्याकडेच बघत होता! मग मुंग्या आल्या, थांबल्या, मी गिअर टाकला, पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या. शेवटी तुझी गाडी धावत धावत शेजारी आली, तिचं पुढचं चाक माझ्या पायाशी दिसायला लागलं, आणि पट्टी संपली. तिचा वेग जास्त होता म्हणे. पण मी आधी निघाले होते ना!

बेकरीवाला म्हणाला, “ही तुझी गाडी घेऊन जा बाई. फार नाचते, माझे पाव चेपतात.” या वेळी बाबांनी अडवलं नाही, मग मी किल्ली घेतली. जुनी गाडी मालकांना पोचवली आणि तुझ्या गाडीवरून घरी आले.

एक विचारायचं राहिलं. मी रेषेवर जायला निघाले तेव्हा बाबा जवळ आले आणि म्हणाले, “सुटण्याआधी डाव्या हाताने टाकीवर दोनदा थाप मार. तुझी आत्या मारायची. मग तिचं काही अडायचं नाही.” मी मारली. तू खरंच असं करायचीस? मला कधी बोलली नाहीस.

तुझी विजयी भिंगरी

३ एप्रिल

दादा,

पोरीला वेगळं लिहीन. हे तुला.

टाकीवर दोनदा थाप मी मारायचे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, त्या शिक्षिकेलाही नाही. मनातल्या मनात काहीतरी म्हणायचे आणि थाप मारायचे. दिवे पेटायच्या आधी, एवढ्याशा वेळात. रेषेजवळच्या कुंपणाशी उभं असल्याखेरीज ते दिसायचं नाही. आणि गिअरचा दांडा कसा फिरवायचा तेही तुला माहीत होतं. तो मी धावपट्टीवरच फिरवला होता, सगळ्यांसमोर, ऊन डोक्यावर असताना.

तू यायचास.

रागावण्याचं वय गेलं. मला एवढंच सांग, तू कुठे उभा असायचास? मी दर वेळी निघण्याआधी कुंपणाकडे बघायचे, उजव्या बाजूला, जिथे घरची माणसं उभी राहायची. तू कधी दिसला नाहीस.

धाकटी

(कार्ड)

८ एप्रिल

धाकटे,

डावीकडे. पाण्याच्या टाकीमागे. तू बघितलंस तर घाबरशील आणि पाय चुकेल, असं वाटायचं. नंतर बोलायचं कसं ते कळेना.

मार्चचं कार्ड तीनदा लिहून फाडलं. ‘हवा बरी आहे’ लिहवेना.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भिंगरी पळणार आहे. ये. उजवीकडे उभा राहीन.

दादा